उत्तरं आधीच दिली होती

मेहुण्याच्या देखादेखी सारा कारखाना त्यांना दाजीच म्हणायचा. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस मशीनच्या कॉम्प्युटरवर आज लिनक्स ही कार्यप्रणाली आपोआप बसत होती. कोणती पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, हवीत, चालू होताच सर्वांत आधी जागा होऊन बाकीच्यांना कामाला लावणारा प्रोग्राम कोणता, ही सगळी उत्तरं दाजींनी आधीच फाइलमध्ये लिहून ठेवली होती. पडद्यावर प्रश्न येण्याचं कारणच नव्हतं.

तरी प्रश्न आला. ‘सर्वांत आधी कोण उठणार?’ खाली प्रोग्रामची दोन ओळखीची नावं, आणि तिसरी ओळ कोरी.

“दाजी, तुमच्यासारखंच मानपान मागतंय हो हे!” मेहुणा हसला. मशीनची वायर काढून तो वरच्या ठोकळ्याखाली हात घालून अडकलेला पत्रा सोडवत होता.

दाजींनी पहिलं नाव निवडलं. पडद्यावरची निवडीची पट्टी मात्र आपली आपण घसरत कोऱ्या ओळीवर गेली. वायर नसलेलं मशीन गुरगुरलं.

“हात काढ!”

ठोकळा धाडकन आदळला. हाडं चुरडल्याचा आवाज किंकाळीच्याही आधी आला. रक्त पडद्यावर उडालं.

दाजींनी कॉम्प्युटरचीही वायर उपटली. पडदा विझला नाही. त्यावर पॅकेजेसची यादी होती आणि ‘डावा हात’पुढे बरोबरची खूण.

“ओढा मला, दाजी!”

दाजींनी त्याला कवेत घेऊन जीव खाऊन मागे ओढलं. समोर पट्टी सावकाश ‘खांदा’वर उतरली, आणि मेहुणा त्यांच्या मिठीतून आत ओढला जाऊ लागला.