कामाचे कपडे

"घरात काही वाद झाला होता का?" डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चढला नव्हता. सकाळपासून पेशंट तपासून त्या थकल्या होत्या, पण हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

मुकादमाने नकारार्थी मान हलवली. वाद कसला, सकाळी दोघं बरोबरच चहा प्यायले होते. अकराच्या सुमारास शेजारणीचा फोन आला, की तुमची बायको मोरीत पडलीय, घामाने निथळतेय, उलट्या होतायत आणि तोंडातली लाळ थांबत नाही. तो कामावरून तसाच निघाला होता.

बायको खाटेवर अर्धवट शुद्धीत होती. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी उचलून बॅटरी मारली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. अंगाला लसणासारखा उग्र वास येत होता.

"हिने औषध घेतलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही फवारणीच्या कामावर आहात ना? लपवाल तर तिचंच नुकसान होईल."

मुकादमाला ते लागलं. औषधाची रिकामी बाटलीसुद्धा त्याने कधी घरात आणली नव्हती. फुलांच्या पॉलिहाउसवर चाळीस माणसांना फवारणी शिकवली ती त्यानेच. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, काम संपलं की साबणाने आंघोळ. चौदा वर्षांत त्याच्या हाताखालच्या कुणाला साधी भोवळ आली नव्हती. हे सगळं त्याने सांगितलं, जरा तोऱ्यातच.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला विषावरचं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन भरायला सांगितलं आणि बायकोचे हात उलटे करून पाहिले. तळव्यांना भेगा होत्या.

"तुमचे कामाचे कपडे कोण धुतं?"

"बायकोच," मुकादम म्हणाला. काल पंपाची नळी निसटली होती आणि पाणी न मिसळलेलं औषध त्याच्या मांडीवर सांडलं होतं. त्याने लगेच कपडे उतरवले, आंघोळ केली, कपडे पिशवीत बांधून घरी आणले. मुलांच्या कपड्यांत मिसळू नकोस, वेगळ्या बादलीत घे, असं बायकोला बजावलंही.

"वेगळे धुते ती," तो म्हणाला.

"हाताने?"

"हातानेच."

"आणि मोजे?"

मोजे कामावरच ठेवायचे असतात. तसा नियमच होता. घरी एकही जोड नव्हता.  डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि बायकोच्या अंगावरचे कपडे कापून काढून तिला डोक्यापासून पायापर्यंत साबणाने धुवायला सांगितलं.

तेवढ्यात मुकादमाला बादली आठवली. थोरली एव्हाना शाळेतून आली असणार. त्याने शेजारणीला फोन लावून पोरीला फोनवर बोलावून घेतलं.

"बाबा, आईने भिजवलेले कपडे तसेच राहिलेत," ती म्हणाली. "मी पिळून टाकते."

हात लावू नकोस, तो म्हणाला. मोरीचं दार ओढून घे, धाकट्याला घे आणि मावशींकडेच बस. त्याचा आवाज ऐकून पोरीला वाटलं आपलंच काही चुकलं. तिने दोनदा विचारलं, काय केलं मी?

सिस्टर एकटीच होती. तिने त्याला मोजे दिले आणि बायकोचे हात धुवायला बसवलं. नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत, तो चाळीस जणांना शिकवलं होतं तसं धूत राहिला. पाणी बदललं, पुन्हा धुतले. भेगांना साबण झोंबला की ती नुसती कण्हायची.

दर थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई येत, छाती तपासत, पुन्हा इंजेक्शन देत. चार वाजता लाळ थांबली, घाम वाळला, बाहुल्या मोठ्या झाल्या. सध्या तरी भीती नाही, पण दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागेल, असं सांगून त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या. मुकादम स्टुलावर भिंतीला टेकून बसला. कंपनीतून दोनदा फोन येऊन गेला. तो त्याने घेतला नाही.

पाचच्या सुमारास बायकोने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहत राहिली. ओठ कोरडे पडले होते, त्यांवरून जीभ फिरवून तिने काहीतरी म्हटलं. तो खाली वाकला.

"अहो, पँटचा डाग काही निघाला नाही."

"राहू दे."

"दोनदा साबण लावला," ती म्हणाली. "उद्या परत घासून बघते."