आपल्या डोक्यावरचा ओझोन

अण्णांच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला, गळ्यात हार पडला. बुक्का लावायच्या निमित्ताने लेक त्यांच्यापाशी गेली. तीन महिने संगणकावर हवामानाचं मॉडेल चालवून तिचे डोळे सुजले होते.

"अण्णा, उत्तररंगात ओझोनचं सांगू नका. माझी चूक झाली."

"अगं, तूच म्हणालीस ना? कार्बन डायऑक्साइड वाढला की वरची हवा गार होते, ओझोन जास्त टिकतो. अख्खं आख्यान बसवलंय मी त्यावर!"

"ती साऱ्या पृथ्वीची सरासरी होती. आज मॉडेलमधला आपला विषुववृत्ताजवळचा पट्टा वेगळा काढून बघितला. इथली हवा जास्त जोरानं वर चढते आणि ओझोन ध्रुवांकडे वाहून नेते. तिकडे थर जाड होतो, आपल्या डोक्यावर विरळ." तिचा आवाज बसला होता. "रागवा हवं तर. रडायचंसुद्धा त्राण नाही माझ्यात."

पेटीवाल्याने सूर धरला होता, समोर दोनशे माणसं ताटकळली होती. अण्णांनी तिच्याच बोटावरचा बुक्का तिच्या कपाळाला लावला.

"बैस इथंच, पेटीशेजारी."

मग ते सभेकडे वळले. "मंडळी, देवानं डोक्यावर धरलेलं छत्र सावरतंय, अशी गोड गोष्ट सांगणार होतो. आपल्याकडे ते विरतंय म्हणे. हे शोधणारीनं तुमच्यादेखत येऊन स्वतःची चूक कबूल केली. तेव्हा आज आख्यान तिचंच."

सगळ्यांनी कौतुकानं वळून पाहिलं. ती भिंतीला टेकून केव्हाच झोपली होती.