गाढ झोपेचा रिपोर्ट

"झोपेच्या तपासणीचा पट्टा घरी रात्री छातीला नीट बांधला होता ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नीट. मीच बांधला, मॅडम. बोटाची क्लिपबी मीच लावली."

"मग आकडे खरेच. तासाला एक्केचाळीस वेळा श्वास थांबतोय. एकदा तर बहात्तर सेकंद."

प्रवीण आलेखाकडे पाहत राहिला. रेघ मध्येच सपाट व्हायची, मग उसळायची.

"असं कसं होईन?"

"तुम्हाला शुगर आहे. अशांना हा धोका जास्तच. नवल एवढंच, की शुगरवाले रात्री तीन-चारदा उठतात. तुम्ही कूससुद्धा बदलली नाहीत."

"झोप गाढ लागली असन."

"ही गाढ झोप नाही. श्वास थांबल्यावर जाग यायला हवी, ती उशिरा येतेय. मानसिक आजाराच्या वगैरे गोळ्या घेता?"

"मी? नाई."

"उताणं झोपू नका. मास्कचं मशीन येईपर्यंत एकटं तर झोपूच नका. आणि बस आजपासून बंद. कंत्राटदाराला तसं कळवते."

प्रवीणने मान हलवली. ऊर्जानगरच्या कामगारांना ने-आण करणारी ड्यूटीबस तो अकरा वर्षं चालवत होता. गेल्या महिन्यात स्टेअरिंगवर त्याचा डोळा लागला, तेव्हा कंत्राटदाराने ही तपासणी मागितली. बस हातची जाऊ नये म्हणून त्याने काय नाही केलं! आता बसचं काहीच वाटत नव्हतं. तो तडक घरी निघाला.

घरी त्याची आई, आशाबाई, ओसरीत तांदूळ पाखडत होती.

"काय म्हने डॉक्टर? पास का नापास?"

"नापास."

"बरं झालं. आता बस इथी, खडे निवड." तिने सूप पुढे सरकवलं.

तो बसला नाही. "विक्की कुठी हाय, माय?"

"मागच्या खोलीत. सकायची गोळी घेतली तसा पडला हाय तुहा भाऊ. चहाले दोनदा हाक मारली, उठला नाई. आता काऊन उठवतं त्याले? सहा वर्षं झाली, त्या डोक्याच्या गोळ्यायनं पोराले तेवढंच सुख देल्लं. किती शांत झोपला हाय, पाह्य."

प्रवीण चप्पल न काढताच मागे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याचा हात कडीवर थांबला.

घरात सगळ्यात चांगली झोप ज्याची, त्याच्याच छातीला परवा रात्री त्याने तो पट्टा बांधला होता.