बाहेरचा बाक

अर्धांगाच्या झटक्यापासून बाबांचा डावा हात लाकडासारखा पडून होता. माझ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यातले पहिले पेशंट तेच. "शरीरातल्या वाटा तुंबतात, सुया त्या मोकळ्या करतात," असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे. बाबांचा आवाज माझ्याहून मोठा. मी सुई लावायचा अवकाश, की ते पडद्याकडे तोंड करून ओरडायचे, "वा! मुंग्या आल्या बरं का, थेट खांद्यापर्यंत!" बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून.

परवा तर मी नुसता कापूस फिरवत होते, तरी मुंग्या आल्या.

"बाबा, सुई अजून माझ्या हातातच आहे," मी कुजबुजले.

"मग लाव की! तोवर बाहेरच्यांना धीर नको?"

सुई नेमकी लागली की मुंग्या नव्हे, आत जड ओढ जाणवते, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. एवढ्या उत्साहावर पाणी कशाला ओता?

आज अंगठ्याजवळ सुई लावली आणि बाबा गप्पच झाले.

"काय हो, आज मुंग्या नाहीत?"

"मुंग्या कसल्या! जड झालंय गं. आतून कुणीतरी दोरा ओढतंय, पार कोपरापर्यंत."

बाहेर बाक गच्च भरला होता. आणि बाबा इतकं हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं.