बरं झाल्याची पाटी

पाटी सात फुटांची आणि जिना वळणाचा, त्यामुळे रंगारी मध्येच अडकला. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. रंगाऱ्याला हसू आलं. गेले काही दिवस त्याला सगळ्याचंच हसू येत होतं. शेवटी पाटी उभी धरून, जिन्यातल्या दिव्याला एक टोला देऊन तो वर पोचला, तेव्हा सकाळचा वर्ग नुकताच सुटला होता आणि श्वासाच्या बाई चटया गुंडाळत होत्या.

बाई लोकांना सावकाश श्वास घ्यायला शिकवत, स्वस्थ पडून राहायला शिकवत आणि झोपायची वेळ पाळायला लावत. म्हणून अख्खी गल्ली त्यांना श्वासाच्या बाई म्हणे.

"वाचा," रंगारी म्हणाला.

निळ्यावर पिवळी अक्षरं होती. 'इथे माणसं नुसत्या श्वासाने बरी होतात. गोळ्या सोडा, वर या.'

बाईंनी दोनदा वाचलं. "गोळ्या कुणी सोडल्या?"

"मी. दहा दिवस झाले. पहाटे तीनला उठतो, फुलासारखा ताजा. ही सगळी तुमची कृपा."

कृपा गल्लीभर दिसत होती. दातांच्या डॉक्टरांच्या पाटीखाली त्याने न सांगता 'रडत या, हसत जा' असं लिहून टाकलं होतं. न्हाव्याच्या आरशाला मिशा आल्या होत्या. मेहुणीच्या फ्रिजवर दोन पोपट बसले होते, तेही ती भाजी आणायला गेली तेवढ्या वेळात. लोक खूश होते. बायको तेवढी गप्प होती. तिला त्याने सांगितलं होतं की डॉक्टरांनीच गोळ्या बंद केल्या.

असंच दीड वर्षापूर्वीही झालं होतं. तेव्हा त्याने एका वेळी अकरा पाट्या घेतल्या, जुन्या गिऱ्हाइकांशी भांडणं उकरून काढली, आणि एका सकाळी त्याच्याने ब्रश उचलवेना. पुढचे तीन महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मनाच्या डॉक्टरांनी त्या आधीच्या धामधुमीचं नाव सांगितलं, हायपोमेनिया. "उन्मादाची धाकटी बहीण समजा," ते म्हणाले होते. "पाहुणीसारखी येते, गोड बोलते. म्हणून तिला कुणी आजार म्हणत नाही. जाताना मात्र घर धुऊन नेते." त्यांनी गोळ्या दिल्या आणि सोबत बाईंचा पत्ता दिला.

"बसा," बाई म्हणाल्या. "डोळे मिटा. दहा श्वास मोजा."

रंगारी बसला. दुसऱ्या श्वासाला त्याच्या मनात आलं, या छतावर आकाश काढावं. तिसऱ्याला त्यात ढग आले. चौथ्याला तो उठून छताची उंची मोजत होता.

"दादा, तुम्ही बरे झाला नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही सुसाट सुटला आहात."

रंगाऱ्याला ते लागलं. "तुमच्याच विद्येवर तुमचा भरवसा नाही?"

"आहे. पण डॉक्टरांनी तुम्हाला माझ्याकडे गोळीबरोबर पाठवलं होतं. गोळीऐवजी नाही."

"बोलायला काय जातंय तुमचं? गोळी खाणाऱ्याचे हाल तुम्हाला काय कळणार? जिभेला कोरड पडते, हात थरथरतो. सरळ रेघ ओढायची म्हटलं की ती वाकडीच जाते. तुम्ही सकाळी उठता, हवा आत घेता, बाहेर सोडता."

बाई हसल्या. रागावल्या नाहीत. "हात थरथरतो, हे डॉक्टरांना कधी सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं.

"मग आत्ताच चला."

"चला," रंगारी म्हणाला. त्याला त्या दिवशी कुणालाही हरवता आलं असतं. "तुमच्या देखत ते म्हणतील, हा माणूस ठणठणीत आहे."

बाईंनी फोन करून गोळ्यांचं खरं काय ते सांगितलं, तशी बायको लॉन्ड्रीतलं काम टाकून, हाताला साबणाचा वास तसाच घेऊन आली. रस्ताभर रंगारी बोलत होता. दवाखान्याला कोणता रंग शोभेल हे त्याने दारात पाय ठेवण्याआधीच ठरवून टाकलं.

खिडकीतल्या मुलीने वही चाळली. "डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळेल."

"झालं तर," रंगारी खुशीत म्हणाला. "तीन आठवड्यांनी येऊ."

बायको बाकावर बसली. "तीन आठवडे," ती म्हणाली. "आणि मग पुन्हा तुम्ही भिंतीकडे तोंड कराल. मला नाही हो झेपणार आता."

दहा दिवसांत पहिल्यांदा रंगाऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. तो तीनला उठत होता तेव्हा तीही उठत होती, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच्या डोक्यात अजून चार रंग नाचत होते, तरी तो खिडकीपाशी गेला आणि हळूच म्हणाला, "त्याआधीची नाही का मिळणार?"

मुलीने मान हलवली. सगळ्या वेळा भरल्या होत्या.

तेव्हा बाई पुढे झाल्या. पर्समधून कोपरे झिजलेलं एक कार्ड काढून त्यांनी खिडकीतून आत सरकवलं.

"उद्याची साडेअकराची माझी वेळ यांना द्या," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे महिनाभराच्या गोळ्या आहेत."