साडेचारचा बिघाड

रोज साडेचारला, मैत्रिणींसोबतचा ऑनलाइन अभ्यास ऐन रंगात आला की हेमालीच्या कॉम्प्युटरचं वायफाय दगा द्यायचं. दहा मिनिटांनी आपसूक परत यायचं. पण हेमाली कसली हार मानतेय! तिने ड्रायव्हर नवा टाकला, पासवर्ड बदलला, राउटर कपाटावर चढवला, कंपनीच्या माणसाला फोनवर दोनदा झापलं. फरक शून्य.

परीक्षा तोंडावर आलेली. आज साडेचारला वायफाय गेलं तशी ती हेडफोन काढून गर्रकन मागे वळली.

बोईसरच्या बाजारातून मासळी विकून आलेली आई उंबऱ्यात उभी होती. डोक्यावर पाटी, हात दाराजवळच्या राउटरच्या बटणावर.

"आई! तू बंद करतेस?"

आई ओशाळली. "तूच बोललेलीस ना गो, पाटी घेऊन मागून जाऊ नको, मैत्रिणींना दिसतेस म्हणून? परसात जायला दुसरी वाट नाय. हातपाय धुतले की लावते ना परत."

हेमालीनेच उठून बटण दाबलं. मिनिटभरात पडद्यावर मैत्रिणींचे चेहरे उमटले.

"काय गं, सापडला का बिघाड?"

"सापडला," हेमाली म्हणाली. मान मात्र तिला वर करता येईना.