बोराएवढे टोमॅटो

पूनमने माणगावच्या माहेराहून रानटोमॅटोची दोन रोपं आणली आणि दिवेआगरच्या सासरी अंगणात कुंड्यांमध्ये लावली. बोराएवढी फळं धरली, तेव्हा तिच्या सासूबाई, मनुबाई, शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “एवढुशा फळानं आमटी आंबट तरी व्हईल का? कोंबड्यांना घाल ती!”

पुढे भावाच्या साखरपुड्याला पूनम चार दिवस माहेरी गेली आणि नेमका वादळाचा इशारा आला. तिने भीतभीतच फोन केला, “आई, माझ्या कुंड्या तेवढ्या आत घ्याल?”

“मला काय तेवढंच काम हाय?” म्हणत मनुबाईंनी फोन ठेवून दिला.

ती परतली तेव्हा अंगणभर नारळाच्या झावळ्या पडल्या होत्या आणि कुंड्यांचा पत्ता नव्हता. डोळे पुसत पूनम आतल्या खोलीत गेली. दोन्ही कुंड्या सासूबाईंच्या खाटेवर ऐसपैस बसल्या होत्या आणि सासूबाई खाली चटईवर आडव्या झाल्या होत्या.

 

“अशी बघतेस काय? खाली उंदीर फिरतात, कुरतडली असती ना रोपं!”